कोरियन किती, फ्रेंच किती?

ती मुलगी चोवीस वर्षांची आहे. दक्षिण कोरियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, उत्तर कोरियाच्या सीमेपासून फार लांब नसलेलं सोक्चो नावाचं बंदर आहे. तिथल्या एका जुनाट गेस्ट हाउसमध्ये ती स्वयंपाक करते, खोल्या झाडते, चादरी बदलते. आई कोरियन, मासळीबाजारात काम करणारी. बाप फ्रेंच, आणि तो तिने कधी पाहिलेला नाही. ऐन हिवाळ्यात, समुद्राकाठचं गाव ओस पडलेलं असताना, नॉर्मंडीचा एक चित्रकथाकार तिथे मुक्कामाला येतो. केरां त्याचं नाव. मुलगी सोलच्या विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकून आलेली आहे. बापाची भाषा बोलणारा माणूस बॅग घेऊन तिच्यापुढे उभा आहे, आणि ती त्याच्याशी बोलते ती इंग्रजीत.

ही सगळी गोष्ट लिहिलेली आहे मात्र फ्रेंचमध्ये.

एलिझा शुआ द्युसापँ या लेखिकेची ही पहिली कादंबरी, ‘इव्हेर आ सोक्चो’, म्हणजे सोक्चोमधला हिवाळा. २०१६ साली ती जिनिव्हाच्या झोए प्रकाशनाने काढली, तेव्हा लेखिका जवळपास नायिकेच्याच वयाची होती. द्युसापँचा जन्म १९९२चा, नैऋत्य फ्रान्समधला. वडील फ्रेंच, आई दक्षिण कोरियाची. बालपण पॅरिस, सोल आणि स्वित्झर्लंडमधलं पोराँत्र्युई या तीन गावांत विभागलेलं. एवढी माहिती कळली की वाचक लगेच निष्कर्ष काढतो: ही आपलीच गोष्ट सांगतेय, मुळं शोधतेय. मीही तोच निष्कर्ष काढला होता. पुढची पुस्तकं वाचल्यावर तो मला सोडून द्यावा लागला. दोन वंशांच्या, दोन भाषांच्या लेखकाकडे आपण सगळेच कसे पाहतो, हा प्रश्न त्यामुळे माझ्यापुढे उभा राहिला, आणि आपण चुकीचं पाहतो अशी माझी खात्री झाली आहे.

आधी तिचा प्रवास सांगतो, कारण तो नीट पाहिला की निम्मा वाद तिथेच मिटतो.

पोराँत्र्युई हे स्वित्झर्लंडच्या ज्युरा प्रांतातलं छोटं गाव, फ्रान्सच्या सीमेजवळचं. ज्युरा हा स्वित्झर्लंडमधला सगळ्यात नवा प्रांत. तिथले लोक फ्रेंच बोलणारे, आणि ते जर्मनबहुल बर्न प्रांताला जोडलेले होते. वेगळं होण्यासाठी त्यांनी काही दशकं चळवळ केली आणि १ जानेवारी १९७९ रोजी त्यांचा प्रांत झाला. भाषेच्या नावाने राज्य मागणं म्हणजे काय असतं, हे १ मे १९६० पाहिलेल्या किंवा घरात ऐकलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. अशा गावात एक अर्धी कोरियन मुलगी फ्रेंचमध्ये वाढते. पुढे ती बील गावातल्या स्विस साहित्य संस्थेत लेखन शिकते. या गावाला बील आणि बिएन अशी दोन नावं आहेत, रस्त्यांच्या पाट्याही जर्मन आणि फ्रेंच अशा दोन भाषांत. संस्था २००६ साली सुरू झालेली, आणि तिथे दोन्ही भाषांतले लिहिणारे विद्यार्थी एकाच छपराखाली बसतात. पहिल्या कादंबरीला मिळालेला रोबेर्ट वाल्झर पुरस्कारही याच गावचा. तो पहिल्या गद्यपुस्तकासाठी असतो, एकदा जर्मन लेखनाला, एकदा फ्रेंच लेखनाला.

म्हणजे आपण ज्याला ‘मिश्र’ म्हणून कौतुकाने किंवा संशयाने पाहतो, ते त्या परिसरात रोजचं आहे. तिला लेखिका घडवण्यात आईच्या कोरियाचा जेवढा हात असेल, तेवढाच या दुभाषी गावाचा, त्या शाळेचा आणि एका धीराच्या प्रकाशनाचा आहे. झोए १९७५ पासून जिनिव्हात आहे, पॅरिसच्या मोठ्या प्रकाशनसंस्थांपासून लांब. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्याने पॅरिसलाच जावं हा त्या भाषेतला जुना दंडक. द्युसापँने आपली पुस्तकं झोएकडेच ठेवली. तिचं नाव घेताना रक्ताच्या आधी ही गोष्ट सांगायला हवी असं मला वाटतं, कारण आई-वडील ती निवडू शकत नव्हती, प्रकाशक तिने निवडला.

आता पुस्तकं. दुसरी कादंबरी २०१८ची, ‘ले बिय द्यु पाचिन्को’, पाचिन्कोच्या गोळ्या. क्लेअर नावाची तिशीच्या आसपासची स्वित्झर्लंडमध्ये वाढलेली तरुणी उन्हाळ्यात टोकियोला आजी-आजोबांकडे येते. आजी-आजोबा कोरियन, पण आयुष्य जपानमध्ये गेलेलं. आजोबा पाचिन्कोचं दुकान चालवतात. पाचिन्को म्हणजे छोट्या धातूच्या गोळ्या खेळवणारं उभं यंत्र, जुगाराचाच एक प्रकार. जपानमधल्या कोरियन लोकांना नोकऱ्यांची दारं बंद असल्यामुळे या धंद्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

या लोकांना ‘झाइनिची’ म्हणतात. १९१० ते १९४५ कोरिया जपानची वसाहत होती. त्या काळात कोणी पोटासाठी, कोणी सक्तीच्या मजुरीवर जपानला गेलं. युद्ध संपलं तेव्हा सुमारे वीस लाख कोरियन जपानमध्ये होते. बहुतेक परतले, सुमारे सहा लाख राहिले. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्को तह लागू झाला आणि त्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. त्यांच्या नोंदणीपत्रावर ‘चोसेन’ लिहिलेलं असे, म्हणजे अखंड कोरियाचं जुनं नाव. या नावाचा देशच तोवर नकाशावर उरला नव्हता. त्याचे दोन तुकडे होऊन एकमेकांशी लढत होते.

क्लेअरच्या मनात आहे आजी-आजोबांना एकदा कोरियाला घेऊन जायचं. पण बोलायचं कसं? लहानपणची कोरियन भाषा फ्रेंचच्या रेट्यात तिच्या तोंडून गेलेली आहे. जपानी ती शिकली आहे, पण आजी-आजोबांना नातीशी जपानीत बोलायचं नाही. मग मोडकं इंग्रजी, चार कोरियन शब्द आणि हातवारे. एका घरातली तीन माणसं, त्यांच्यात चार भाषा, आणि जेवताना बोलायला एकही नाही. अमेरिकेत वाढलेल्या नातवाशी फोनवर बोलणारे पुण्या-नाशिकचे आजी-आजोबा ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वाचताना गलबलून येईल. फरक एवढाच, आपल्याकडे ती भाषा नोकरीपायी आणि सोयीपायी सुटते. झाइनिची घरात तिच्यावर आधी बंदी आलेली होती. वसाहतकाळाच्या शेवटी शाळांतून कोरियन काढून टाकलं गेलं, १९४०मध्ये लोकांना जपानी पद्धतीची नावं घ्यायला लावली गेली. आजीने जपानी बोलायला नकार देण्यामागे हा सगळा इतिहास आहे. द्युसापँ तो भाषणासारखा सांगत नाही. नातीने विचारलेल्या साध्या प्रश्नाला उत्तर येत नाही, तिथे तो आपल्याला दिसतो.

याच कादंबरीत क्लेअर मिएको नावाच्या जपानी मुलीला फ्रेंच शिकवते. मिएको राहते ती बंद पडलेल्या हॉटेलात, आणि तिची झोपायची खोली म्हणजे पाणी काढून टाकलेला पोहण्याचा तलाव. दोघी एकदा ‘हायडीचं गाव’ पाहायला जातात. हायडी या स्विस मुलीच्या गोष्टीवर जपानमध्ये उभारलेलं ते करमणुकीचं गाव आहे. खऱ्या स्वित्झर्लंडमधून आलेली, चेहऱ्याने कोरियन असलेली बाई जपानी मुलीबरोबर खोट्या आल्प्समध्ये फिरते. ‘तू मूळची कुठली’ या प्रश्नाचा फोलपणा मला या भेटीत जितका लख्ख दिसला, तितका कुठल्या वैचारिक पुस्तकात दिसला नव्हता.

तिसरी कादंबरी २०२०ची, रशियातल्या व्लादिवोस्तोकच्या सर्कशीतली. तिच्यात कोरिया जवळपास नाहीच. पोशाख शिवणारी एक तरुणी तिथे तीन कसरतपटूंसाठी काम करायला येते. दोन पुरुष खांद्यांवर लवचीक दांडा धरतात, त्याच्यावरून एक मुलगी हवेत झेपावते आणि परत त्या हातभर रुंदही नसलेल्या पट्टीवर उतरते. या खेळात शब्दांचा उपयोग थोडा. दांडा धरणाऱ्यांनी मुलीचा श्वास ओळखायचा, तिने त्यांचे खांदे. मला ही कादंबरी पहिल्या दोन्हींपेक्षा थोडी फिकी वाटली, पण तिच्यामुळेच लेखिकेचा धागा हाती आला. चौथ्या कादंबरीत तो पक्का झाला.

ती २०२३ची, ‘ल व्हिएई अँसाँदी’, जुनी आग. अगात न्यूयॉर्कमध्ये पटकथा लिहिते. तिची बहीण व्हेरा लहानपणीच बोलायची थांबलेली आहे. वडिलांचं घर रिकामं करायला दोघी फ्रान्सच्या पेरिगोर भागात एकत्र येतात. हातात नऊ दिवस आहेत. घर पाडलं जाणार आहे आणि त्याचे दगड जवळच्या एका जुन्या कबुतरखान्याच्या दुरुस्तीला जाणार आहेत. इथे दोघींची भाषा एकच, देश एकच, आईबाप एकच. तरी एक बोलू शकत नाही आणि दुसरीला काय बोलावं सुचत नाही. या कादंबरीला त्या वर्षी पॅरिसचा व्हेप्लेर पुरस्कार मिळाला.

आता चारही पुस्तकं ओळीने ठेवा. सोक्चोतली मुलगी आणि केरां, टोकियोतली नात आणि आजी, सर्कशीतले तिघं, पेरिगोरच्या बहिणी. प्रत्येक ठिकाणी दोन माणसांना एकमेकांपर्यंत पोहोचायचं आहे आणि मधली भाषा कमी पडते आहे. तिचा विषय हा आहे. कोरिया त्या विषयाला दोनदा उपयोगी पडला, व्लादिवोस्तोक एकदा आणि नैऋत्य फ्रान्स एकदा. आणि गंमत नव्हे, गंभीरपणे सांगण्यासारखी गोष्ट अशी की पेरिगोर नैऋत्य फ्रान्समध्येच आहे. जन्मभूमीचाच हिशोब करायचा, तर लेखिका आपल्या मुळांकडे परतली असेल ती या चौथ्या पुस्तकात. पण तसं आपल्या मनातही येत नाही. सोक्चोला गेली की तो ‘मुळांचा शोध’, फ्रान्समध्ये आली की ती नुसती कादंबरीची जागा. चेहरा पाहून आपण ठरवतो की हिची मुळं कुठे असायला हवीत.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. दोन वारसे असलेल्या लेखकावर आपण एक काम लादतो: तू तुझ्या लोकांचा प्रतिनिधी हो. तुझ्या आईच्या देशाबद्दल सांग, तिथलं अन्न, तिथलं दुःख, तिथल्या चालीरीती दाखव. कोरियन मालिका आणि कोरियन गाणी घराघरांत पोहोचलेल्या या काळात तर ‘कोरियन’ हा शब्द पुस्तक विकायला मदतच करतो, म्हणून प्रकाशकही तो पुढे करतात. मग लेखकाने फ्रान्सबद्दल लिहिलं की तो ‘आपला विषय सोडून’ गेला असं होतं. फ्रेंच आईबापांच्या लेखकाला व्लादिवोस्तोकबद्दल लिहिताना कोणी अधिकार विचारत नाही.

याच्यावरचं सगळ्यात वजनदार उत्तर मला ठाऊक आहे. इतिहास पुसता येत नाही, असं ते उत्तर. एका माणसाने फ्रेंचमध्ये लिहावं आणि दुसऱ्याने कोरियनमध्ये, यामागे वसाहती आहेत, युद्धं आहेत, स्थलांतरं आहेत. ते सगळं ‘माणसामाणसांतली भाषा’ अशा मऊ शब्दांत गुंडाळलं तर ज्यांनी सोसलं त्यांच्यावर अन्याय होतो. हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. अगोता क्रिस्तोफचं उदाहरण तर माझ्याच विरुद्ध जाणारं आहे. १९५६च्या उठावानंतर ती हंगेरीतून पळाली, स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला आली, घड्याळांच्या कारखान्यात राबली, फ्रेंच शिकली आणि त्याच भाषेत जगभर वाचल्या गेलेल्या कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या आत्मकथनात मात्र तिने फ्रेंचलाही शत्रूभाषाच म्हटलं, कारण ती भाषा तिची मातृभाषा मारत होती. ते छोटं पुस्तक २००४ साली छापलं ते याच झोए प्रकाशनाने.

म्हणून मी द्युसापँला क्रिस्तोफच्या पंक्तीत बसवत नाही. एकीला परकी भाषा नाइलाजाने पत्करावी लागली, दुसरी फ्रेंचमध्येच वाढली. पण प्रतिनिधी हो असं म्हणणारे नेमका हाच फरक पाहत नाहीत. त्यांच्या लेखी दोघी ‘परक्या मुळांच्या फ्रेंच लेखिका’. इतिहासाचा मान राखायचा असेल तर तो प्रत्येकीचा वेगळा राखावा लागेल. द्युसापँने तो राखलेला आहे. सोक्चोचंच पाहा. १९४५मध्ये ३८व्या अक्षांशावर कोरियाची फाळणी झाली तेव्हा हे गाव उत्तरेत गेलं, १९५३च्या युद्धबंदीनंतर दक्षिणेत राहिलं. उत्तरेतल्या हामग्योंगहून आलेले निर्वासित चार दिवसांत परत जाऊ म्हणून तिथे वाळूवर झोपड्या बांधून राहिले आणि पिढ्या तिथेच गेल्या. कादंबरीत नायिका केरांला सांगते, तुमच्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून युद्ध होऊन गेलं, खुणा राहिल्या, पण लोक पुढे गेले. आमचे किनारे अजून युद्ध संपायची वाट पाहताहेत. युद्धबंदी झाली, शांततेचा तह आजही झालेला नाही. जिला आपण ‘प्रतिनिधी’ व्हायला सांगत होतो, तिने न सांगता हे लिहिलंय.

हा वाद आपल्याला नवा नाही. किरण नगरकरांनी पहिली कादंबरी मराठीत लिहिली, १९७४ साली. पुढे ते इंग्रजीत लिहू लागले तेव्हा मराठी साहित्यविश्वात जो रोष उमटला, त्याची वेदना त्यांनी मुलाखतींतून अनेकदा बोलून दाखवली. २००० साली त्यांना साहित्य अकादमी मिळाला तो इंग्रजीसाठी, तोही मेवाडवरच्या कादंबरीला. त्यांची मराठी कादंबरी आपण आज अभिमानाने आपली म्हणतो. तेव्हा त्यांना ‘कुठल्या भाषेचा’ असं विचारत बसण्याऐवजी त्यांची पुढची पुस्तकं तेवढ्याच आस्थेने वाचली असती, तर मराठीचं काही बिघडलं नसतं. मला ही चूक आपली सगळ्यांची वाटते.

‘इव्हेर आ सोक्चो’ जगभर पोहोचली ती अनुवादामुळे. अनिसा अब्बास हिगिन्स यांचा इंग्रजी अनुवाद २०२०मध्ये आला आणि २०२१ साली त्याला अनुवादित साहित्यासाठीचा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. या विभागात बक्षिसाचे दहा हजार डॉलर लेखक आणि अनुवादक निम्मे निम्मे वाटून घेतात. आदल्या वर्षी, २०२०मध्ये, हाच पुरस्कार यू मिरी यांना मिळाला होता, त्या जपानमध्ये जन्मलेल्या झाइनिची कोरियन, लिहितात जपानीत. २०१८मध्ये विभाग नव्याने सुरू झाला तेव्हा पहिला मान योको तावादांचा, त्या जपानी आणि जर्मन दोन्हींत लिहितात. म्हणजे पहिल्या चार वर्षांत तीनदा हा पुरस्कार अशा लेखिकांकडे गेला, ज्यांना एका देशाच्या एका कप्प्यात बसवता येत नाही. अनुवादाचा पुरस्कार असल्यामुळेच हे झालं असं मला वाटतं. तिथे ‘हे पुस्तक कोणत्या देशाचं’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हे या भाषेत कसं उतरलं’ हा पुढे येतो.

या कादंबरीवर २०२४मध्ये चित्रपट आला. दिग्दर्शक कोया कामुरा फ्रेंच-जपानी. चित्रपटात नायिकेला सू-हा असं नाव आहे. पुस्तकात तिला नाव नाही. पडद्यावर माणसाला हाक मारावीच लागते, त्यामुळे मी दोष देत नाही. पण त्या निनावीपणात पुस्तकाचं बरंच काही साठवलेलं आहे. तिला कोरियन नाव असेल की फ्रेंच, बापाचं आडनाव असेल की आईचं, हे लेखिकेने आपल्याला कळू दिलेलं नाही, आणि दीडेकशे पानं आपलं त्या नावावाचून काही अडत नाही.

हे पुस्तक कोणी मराठीत आणलं, आणि तेही थेट फ्रेंचमधून, तर मला फार आनंद होईल. इंग्रजीवरून करू नये, कारण इंग्रजीत एक महत्त्वाची गोष्ट दिसेनाशी होते. नायिका आणि केरां गोष्टीत इंग्रजीत बोलतात. पुस्तक इंग्रजीत वाचताना ते इंग्रजी आहे हेच विसरायला होतं, फ्रेंचमध्ये ते सतत परकं राहतं. कोरियनमध्ये वय, नातं, हुद्दा पाहून क्रियापदाचं रूप बदलतं. फ्रेंचमध्येही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत. या दोन भाषांच्या मधली इंग्रजी तिने निवडली, कारण तिथे केरां आपल्याला कोण लागतो हे ठरवावं लागत नाही, असा माझा त्या निवडीचा अर्थ आहे. तो बापाच्या वयाचा आहे, पाहुणा आहे, परका पुरुष आहे, आणि तिला त्याच्याकडून काय हवंय हे तिलाच नीट माहीत नाही. ती रांधते ते तो खात नाही, बाहेरून पाकिटातलं काहीबाही आणून खातो, आणि तरी ती त्याच्यासाठी पुन्हा रांधते. मराठी अनुवादकाला या आडोशाला उभं राहता येणार नाही. गेस्ट हाउसच्या दारात लोकरी कोटातला तो माणूस येईल, ती त्याला खोली दाखवायला निघेल, आणि तिच्या तोंडचं पहिलंच वाक्य लिहिताना ठरवावं लागेल की ती ‘या’ म्हणते की ‘ये’.